एका गाण्याचा जमाखर्च

ध्वनिमुद्रिकेच्या मधोमध कागदाचा जो गोल तुकडा डकवलेला असतो, त्याला लेबल म्हणतात. त्यावर गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव आणि तबकडी काढणाऱ्या संस्थेची मुद्रा छापलेली असते. या मुद्रेवरूनच पुढे ती संस्थाही ‘लेबल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. गाणारे कोण होते हे श्रोत्यांच्या स्मरणात राहते. तो गोल कागद कोणाचा होता हे सहसा राहत नाही. वास्तविक कोणाचा आवाज जतन व्हावा, कोणाचा विरून जावा, तबकडी किती दुकानांत पोहोचावी आणि तिच्या विक्रीतून आलेला पैसा कोणाकडे जावा, हे सारे निर्णय त्या कागदाच्या मालकाच्या हाती असतात. आजच्या व्याख्यानाचा विषय तो कागद आणि त्याच्यावर रचलेले एक गाणे हा आहे.

हे गाणे १९७७ साली लंडनमध्ये निघाले. त्याचे नाव ‘द मीडियम वॉज टीडियम’, म्हणजे माध्यमच कंटाळवाणे होते. माध्यम हाच संदेश होय, या मार्शल मॅक्लुहान यांच्या गाजलेल्या वचनाची या शीर्षकावरून सहज आठवण होते. गाणारा बँड होता ‘द डेस्परेट बायसिकल्स’. हे नाव जे. बी. प्रीस्टली यांच्या १९३० सालच्या ‘एंजल पेव्हमेंट’ या कादंबरीतील एका वाक्यातून उचललेले. या मंडळींची ख्याती कधीच फार मोठी झाली नाही. तथापि इंग्लंडमधील स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांचा इतिहास लिहिताना त्यांना वगळता येत नाही. याचे कारण त्यांच्या गायनवादनात शोधण्यापेक्षा त्यांच्या हिशेबात शोधणे अधिक योग्य ठरेल.

सर्वसाधारणपणे बँड आधी जमतो, काही वर्षे लहानमोठ्या ठिकाणी वाजवतो आणि मग एखाद्या कंपनीची दृष्टी आपल्याकडे वळेल या आशेवर राहतो. डेस्परेट बायसिकल्स यांनी हा क्रम उलटा केला. मार्च १९७७ मध्ये ही मंडळी एकत्र आली ती स्वतःच्या लेबलावर स्वतःची एक तबकडी काढावी, एवढ्याच हेतूने. लंडनच्या डॉल्स्टन भागातील एक ध्वनिमुद्रणगृह त्यांनी तीन तासांसाठी भाड्याने घेतले. सराव जेमतेम झालेला होता. त्या तीन तासांत ‘स्मोकस्क्रीन’ आणि ‘हँडलबार्स’ ही दोन गाणी मुद्रित झाली. खर्च वाचावा म्हणून तीच दोन गाणी तबकडीच्या दोन्ही बाजूंवर घेण्यात आली. लेबलाला ‘रिफिल रेकॉर्ड्स’ असे नाव देण्यात आले. पाचशे प्रतींसह एकूण खर्च आला १५३ पौंड.

हा आकडा क्षणभर ध्यानात ठेवावा. प्रतीमागे सुमारे ३१ पेन्स पडले. चार महिन्यांत त्या पाचशे प्रती संपल्या आणि २१० पौंड नफा हाती आला. त्या नफ्यातून आणखी एक हजार प्रती काढल्या गेल्या. त्या दोन आठवड्यांत खपल्या. त्या विक्रीच्या पैशातून दुसरी तबकडी उभी राहिली, आणि ‘द मीडियम वॉज टीडियम’ हे त्या दुसऱ्या तबकडीवरचे गाणे. म्हणजे स्वतः तबकडी काढण्याचा गौरव करणारे हे गाणे स्वतः काढलेल्या पहिल्या तबकडीच्या कमाईतूनच जन्माला आले. गाण्याचा आशय आणि त्याचा जमाखर्च यांचा इतका निकटचा संबंध क्वचितच आढळतो.

संगीत म्हणून हे गाणे अगदी साधे आहे. विजेच्या ऑर्गनवरची एक छोटी सुरावट, तिच्याखाली खर्जातील गिटारीची आणि ढोलांची सरळ चाल, आणि गाण्यापेक्षा बोलण्याच्या अधिक जवळ जाणारा आवाज. त्यात झेरॉक्स यंत्राची प्रतिमा येते. जे यंत्र कोणत्याही कागदाची नक्कल काही क्षणांत कोणालाही काढून देते, तसेच संगीतही आता सर्वांच्या हाती आले आहे, असे ते गाणे आनंदाने सांगते. आणि श्रोत्याने यापुढे केवळ श्रोता न राहता स्वतः तबकडी काढावी असा आग्रह धरते. तबकडीच्या वेष्टनावर पहिल्या तबकडीची सारी हकिगत छापलेली होती. तीन तासांचे भाडे, पाचशे प्रती, १५३ पौंड, हे सगळे तेथे नोंदलेले होते. शेवटी वाचकाला विचारले होते की, त्याने अजून आपली तबकडी का काढली नाही? दुसऱ्या बाजूवरील ‘डोण्ट बॅक द फ्रंट’ हे गाणे नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या विरोधात होते. यावरून हा बँड केवळ व्यवसायाची युक्ती सांगत नव्हता, तर सार्वजनिक जीवनात आपला आवाज उमटला पाहिजे अशी त्याची धारणा होती, हे स्पष्ट होते.

या आग्रहाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती पाहणे अवश्य आहे. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत इंग्लंडमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेलेली होती आणि तरुणांना तिची झळ विशेष लागत होती. याच वातावरणात पंक संगीत उदयास आले. फार शिक्षण नाही, महागडी वाद्ये नाहीत, तरीही सांगण्यासारखे काहीतरी आहे, अशा मुलामुलींचे ते संगीत होते. परंतु तबकड्यांचा व्यवसाय मात्र ईएमआय, डेक्का, सीबीएस, आरसीए, पॉलिडॉर अशा थोड्या कंपन्यांनी व्यापलेला होता. ध्वनिमुद्रणगृह, कारखाना, गोदाम, मालमोटारी आणि जाहिराती ही साखळी त्यांच्याच हाती होती. बंडखोरीची गाणी गाणाऱ्यांनाही अखेर याच दारांशी जावे लागे.

तेथे काय घडे, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडला ईएमआयने ऑक्टोबर १९७६ मध्ये करारबद्ध केले. १ डिसेंबर रोजी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत त्यांच्या तोंडून असभ्य शब्द निघाले, वृत्तपत्रांनी गिल्ला केला, आणि जानेवारी १९७७ मध्ये कंपनीने करार संपुष्टात आणला. मार्चमध्ये ए अँड एम या दुसऱ्या कंपनीने त्यांना घेतले आणि आठवड्याभरात सोडूनही दिले. छापून झालेल्या तबकड्यांपैकी बहुतेक नष्ट करण्यात आल्या. दुसरे उदाहरण ‘द क्लॅश’ या बँडचे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सीबीएसशी एक लाख पौंडांचा करार केला. पुढे कंपनीने त्यांच्या संमतीवाचून ‘रिमोट कंट्रोल’ हे गाणे वेगळ्या तबकडीवर काढले. त्यावर रागाने त्यांनी ‘कंप्लीट कंट्रोल’ हे गाणे रचले, आणि तेही सप्टेंबर १९७७ मध्ये सीबीएसनेच प्रसिद्ध केले. धन्याच्या तक्रारीचे गाणेही धन्याच्याच कारखान्यात छापले जावे आणि त्याच्या विक्रीतून धन्याचाच गल्ला भरावा, ही त्या व्यवस्थेची शक्ती होती. क्लॅशचे गाणे संगीताच्या दृष्टीने अधिक सरस आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु त्यात तक्रार आहे. डेस्परेट बायसिकल्सच्या गाण्यात रीत सांगितलेली आहे.

रीत सांगण्यासारखे असे त्यात काय होते, असा प्रश्न येथे उद्भवेल. तबकडी बनवण्याची क्रिया सामान्य श्रोत्याला गूढ वाटत असे, आणि या गूढतेवर कंपन्यांचे महत्त्व बरेचसे अवलंबून होते. प्रत्यक्षात क्रिया अशी. ध्वनिमुद्रणगृहात फितीवर गाणे घेतले जाते. त्या फितीवरून, रोगणाचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर सुईने खाचा कोरल्या जातात. त्या चकतीवर विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा चढवून धातूचे साचे तयार करतात. मग तापवलेल्या प्लॅस्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की तबकडी तयार होते. यातील कोरण्याचा आणि साच्यांचा खर्च एकदाच करावा लागतो. पुढे प्रती जितक्या अधिक, तितका प्रतीमागचा खर्च कमी. पैसे देणाऱ्या कोणाचीही तबकडी छापून देणारे कारखाने इंग्लंडमध्ये होते. ते गिऱ्हाइकाची पदवी विचारत नसत की मोठ्या संस्थेची शिफारसही मागत नसत. छापखान्यात जाऊन लग्नपत्रिका छापून घ्यावी, त्याच्याहून ही गोष्ट थोडीच अवघड होती. दार उघडेच होते. ते उघडे आहे हे मात्र लोकांना ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदली पाहिजे. स्वतंत्र लेबल हा काही पंकवाल्यांचा शोध नव्हे. ब्रिटनमध्ये कामगारांच्या संगीत संघटनेतून १९३९ साली निघालेली ‘टॉपिक’ ही संस्था लोकगीतांच्या तबकड्या काढीत होती. अमेरिकेत सन आणि चेस यांसारख्या छोट्या संस्थांनी रॉक आणि ब्लूज संगीताला जन्मापासून आधार दिला. पंकपुरते बोलायचे, तरी १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये ‘स्टिफ’ हे लेबल सुरू झाले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्याने ‘द डॅम्ड’ या बँडचे ‘न्यू रोज’ हे गाणे काढले. ब्रिटनमधील पंक गाण्याची ती पहिली तबकडी मानली जाते. परंतु या संस्था चालवणारे लोक निराळे आणि गाणारे निराळे होते. गाणाऱ्यांनीच लेबल काढावे, हा विचार मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने पुढे आणला. त्यांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजी चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ च्या अखेरीस ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्या लेबलावर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी बाजारात आणली. प्रथम एक हजार प्रती काढल्या होत्या. पुढे सुमारे सोळा हजार खपल्या. वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या खेपेला जमले आणि त्यावर नंतर किती वेळा आवाज चढवले, याची नोंद होती. स्वयंपाकघराचे दार पाहुण्यांसाठी उघडे ठेवावे, तसा हा प्रकार होता.

डेस्परेट बायसिकल्स यांनी या नोंदीत पैशाचा आकडा घातला, आणि तेथून चित्र पालटले. लंडनमधील ‘स्क्रिटी पोलिटी’ या बँडने नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ ही तबकडी काढली, तेव्हा हाताने बनवलेल्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण, कोरणी, छपाई, लेबले अशा एकेका बाबीचा खर्च लिहिला आणि ही कामे कोठे करून मिळतात तेही सांगितले. व्यापारी माणूस आपल्या मालाची खरेदी किंमत कधीही उघड करीत नाही. तिच्या गुप्ततेवरच त्याचा नफा उभा असतो. येथे विक्रीच्या वस्तूवरच तिची खरेदी किंमत छापलेली होती. गिऱ्हाईक ती वाचून स्वतः उत्पादक होऊ शकत होता, आणि विकणाऱ्याची तीच इच्छा होती. १९७८ साली मँचेस्टरमध्ये ‘फॅक्टरी’, एडिंबरोमध्ये ‘फास्ट प्रॉडक्ट’, लंडनमध्ये ‘म्यूट’ आणि बेलफास्टमध्ये ‘गुड व्हायब्रेशन्स’ ही लेबले उदयास आली. बेलफास्टचे उदाहरण विशेष बोलके आहे. दंगली आणि बाँबस्फोट यांनी ग्रासलेल्या त्या शहराकडे लंडनच्या कंपन्यांचे प्रतिनिधी फिरकत नसत. तेथे टेरी हूली नावाच्या एका दुकानदाराने लेबल काढले आणि त्यावर ‘द अंडरटोन्स’ या डेरी गावच्या मुलांचे ‘टीनेज किक्स’ हे गाणे सप्टेंबर १९७८ मध्ये निघाले. बीबीसीच्या जॉन पील यांनी ते आकाशवाणीवर एकदा लावले आणि लगेच पुन्हा एकदा लावले. राजधानीची परवानगी न मागता एका दूरच्या गावाचा आवाज देशभर गेला.

येथपर्यंतची हकिगत विजयाची आहे, आणि गाण्याचा आनंदही येथपर्यंतच जातो. परंतु तबकडी बनवणे हे अर्धेच काम होय. पाचशे प्रती घरी येऊन पडल्या की दुसरा अर्धा प्रश्न सुरू होतो: त्या लोकांपर्यंत कशा न्यायच्या? ओळखीच्या चार दुकानांत पिशवीतून पाचशे प्रती पोहोचवता येतात; पाच हजार पोहोचवता येत नाहीत. मोठ्या कंपन्यांची खरी सत्ता वितरणात होती.

या प्रश्नाला उत्तर शोधले ते ‘रफ ट्रेड’ या संस्थेने. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या केन्सिंग्टन पार्क रोडवर या नावाचे दुकान उघडले. तेथे कोणीही आपली तबकडी किंवा हाताने छापलेले मासिक विक्रीला आणून ठेवावे, अशी पद्धत होती. काम करणाऱ्यांना सारखे वेतन मिळे आणि निर्णय सर्वांनी मिळून घेतले जात. १९७८ पासून रफ ट्रेड स्वतःही तबकड्या काढू लागले. खर्च वजा जाता नफा संस्था आणि कलावंत यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा, अशी त्यांची सर्वसाधारण रीत होती. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यांनी काढलेली पहिली दीर्घ तबकडी म्हणजे बेलफास्टच्या ‘स्टिफ लिटल फिंगर्स’ या बँडची ‘इनफ्लेमेबल मटेरियल’. खपाच्या यादीत ती चौदाव्या क्रमांकावर गेली. तिच्यातील एका गाण्याचे नावच ‘रफ ट्रेड’ असे आहे. एका प्रस्थापित कंपनीने वचन देऊन मोडल्याचा संताप त्यात व्यक्त झाला आहे. आणि ते गाणे ज्या लेबलावर निघाले, त्याचे नावही तेच.

पुढे रफ ट्रेडच्या पुढाकाराने निरनिराळ्या शहरांतील दुकाने आणि लहान वितरक यांची एक साखळी तयार झाली. तिला ‘कार्टेल’ असे नाव पडले. यॉर्कचे रेड र्‍हायनो, लिव्हरपूलचे प्रोब, ब्रिस्टलचे रिव्हॉल्व्हर, नॉरिचचे बॅक्स, लेमिंग्टनचे नाइन माइल, एडिंबरोचे फास्ट फॉरवर्ड आणि लंडनचे रफ ट्रेड, असे तिचे घटक होते. एका शहरात निघालेली तबकडी या साखळीतून देशभरातील दुकानांत जाई. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. त्या यादीची कसोटी विचारात घेण्यासारखी आहे. संगीत कोणत्या प्रकारचे, कंपनी किती लहान, गाणारे किती बंडखोर, यांपैकी काहीही तेथे पाहिले जात नसे. तबकडीचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून झाले आहे किंवा नाही, एवढेच पाहिले जाई. ज्यांना हा व्यवसाय आतून ठाऊक होता, त्यांनी स्वातंत्र्याची व्याख्या वितरणावरून केली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या गाण्याविषयी काही आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, कोणीही तबकडी काढू लागला तर सुमार गाण्यांचे पीक येईल. पीक आलेच, यात शंका नाही. त्या काळातील शेकडो तबकड्या आज ऐकवत नाहीत. परंतु मोठ्या कंपन्याही सुमार तबकड्या काढीतच होत्या. फरक इतकाच की त्यांची निवड मोजके अधिकारी करीत. छापखाने वाढले तेव्हा वाईट पुस्तकेही वाढली. म्हणून छापखाने बंद करावेत असे कोणी सुचवले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काम सोपे आणि स्वस्त आहे असे गाणे म्हणते. पण १५३ पौंड ही रक्कम त्या वेळच्या एका कामगाराच्या दोन आठवड्यांच्या मजुरीहून काहीशी जास्तच होती. बेकार मुलाला ती सहज परवडणारी नव्हती. हे खरे आहे. मात्र चार जणांनी मिळून उभी करावी अशी ती रक्कम होती, आणि क्लॅशच्या एक लाख पौंडांशी तुलना केली असता तिचा अर्थ ध्यानात येतो. तिसरा आक्षेप असा की, यश मिळताच पुष्कळ बँड मोठ्या संस्थांकडे गेले. बझकॉक्स यांनी ऑगस्ट १९७७ मध्येच युनायटेड आर्टिस्ट्सशी करार केला. स्टिफ लिटल फिंगर्स पहिल्या यशानंतर क्रिसॅलिस या अधिक मोठ्या संस्थेकडे गेले. याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याला गाण्यावर पोट भरावयाचे आहे, त्याने आयुष्यभर स्वतःच वेष्टने चिकटवीत बसावे, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. डेस्परेट बायसिकल्स मात्र अखेरपर्यंत रिफिल रेकॉर्ड्सवरच राहिले. १९८० मध्ये त्यांची ‘रिमोर्स कोड’ ही एकमेव दीर्घ तबकडी निघाली आणि पुढे बँड विसर्जित झाला.

वितरणाची साखळी आणखी दहा वर्षे टिकली. कार्टेलमधील एकेक दुवा निखळत गेला, कर्जे वाढली, हिशेब हाताबाहेर गेले आणि १९९१ साली रफ ट्रेडची वितरणसंस्था बुडाली. तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक लहान लेबलांचे पैसे अडकले. काही तेथेच संपली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या फॅक्टरीचेही दिवाळे वाजले. यातून निघणारा बोध कठोर आहे. ज्या चळवळीचा आरंभ काटेकोर हिशेबाने झाला, तिला मोठी झाल्यावर तोच काटेकोरपणा सांभाळता आला नाही. वेष्टनावर छापलेला १५३ पौंडांचा जमाखर्च प्रत्येकाला वाचता येत होता. गोदामे, उधारी आणि परतीचा माल यांचा जमाखर्च थोड्यांनाच समजत होता. ज्ञान पुन्हा थोड्यांच्या हाती गेले, आणि त्याबरोबर स्वातंत्र्यही डळमळीत झाले.

भारतीय श्रोत्यांना ही कथा दूरदेशीची वाटण्याचे कारण नाही. ज्या ईएमआयने सेक्स पिस्टल्सना दार दाखवले, तिच्याच घराण्यातील ग्रामोफोन कंपनीची कुत्र्याची मुद्रा भारतात घरोघरी परिचित होती. १९०२ साली या कंपनीने कलकत्त्यात गायिकांचे आवाज मुद्रित केले, तेव्हा तबकड्या छापून आणण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवाव्या लागल्या. पुढे कलकत्त्यातच कारखाना आला आणि १९२८ पासून डमडमचा कारखाना सुरू झाला. १९३० नंतरच्या दशकात ‘हिंदुस्थान’, ‘मेगाफोन’, ‘सेनोला’ अशी बंगाली लेबले निघाली. मुंबईत ‘यंग इंडिया’ निघाले. परंतु त्या बंगाली लेबलांच्या तबकड्या दाबल्या जात त्या डमडमलाच. गोल कागद देशी होता, यंत्र कंपनीचे होते. लंडनच्या मुलांना १९७७ नंतर जे कळले, ते कलकत्त्याच्या व्यावसायिकांना चाळीस वर्षे आधी अनुभवाला आले होते: लेबल आपले असले तरी साखळीतील एखादी कडी दुसऱ्याच्या मुठीत असेल, तर स्वातंत्र्य तेवढ्यापुरते अपुरे राहते.

भारतात ही कोंडी फुटली ती १९८० नंतर, कॅसेटमुळे. कॅसेट भरण्यासाठी डमडमसारख्या कारखान्याची गरज नव्हती; एका खोलीत चार यंत्रे मांडून काम भागत असे. हरियाणवी, गढवाली, राजस्थानी, भोजपुरी अशा बोलींतील गाणी, जी कंपनीच्या यादीत क्वचितच येत, ती छोट्या गावांतील उत्पादकांनी बाजारात आणली. महाराष्ट्रात नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर जमणाऱ्या जनसमुदायासाठी मांडलेल्या दुकानांतून भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जाऊ लागल्या. त्यांच्या गायकांनी लंडनच्या त्या बँडचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. त्यांना ते ऐकण्याची गरजही नव्हती. साधन स्वस्त झाले आणि त्याची रीत कळली की माणसे आपले गाणे आपणच काढू लागतात. येथे आणखी एक गोष्ट विशेष होती. ज्या मेळ्यासाठी गाणे रचले गेले, त्याच मेळ्यात ते विकले जात होते. वितरणाची साखळी समाजाने आपल्या यात्रेतूनच निर्माण केली होती.

आज तबकडी आणि कॅसेट या दोहोंचीही जागा मुख्यतः संगणकाच्या जाळ्याने घेतली आहे. गाणे मुद्रित करून प्रसिद्ध करण्यासाठी १५३ पौंडही लागत नाहीत; हातातील दूरध्वनी पुरेसा होतो. ‘द मीडियम वॉज टीडियम’ या गाण्याची पहिली मागणी अशा रीतीने जवळजवळ पूर्णपणे मान्य झाली आहे. परंतु कोणते गाणे कोणापुढे येईल आणि एका श्रवणामागे कलावंताला किती पैसे मिळतील, हे ठरवणाऱ्या संस्था मूठभरच आहेत, आणि त्यांचा हिशेब वेष्टनावर छापलेला नसतो. तबकडी काढणे १९७७ सालीही फारसे कठीण नव्हते. ती पोहोचवणे कठीण होते. आजही अडचण तेथेच आहे.

म्हणून या गाण्याचे मोल ठरवताना त्याच्या सुरावटीपेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या जमाखर्चाकडे अधिक पाहावे लागते. एका छोट्या बँडने आपल्याला कळलेली गोष्ट स्वतःपाशी न ठेवता, खर्चाच्या आकड्यासह सर्वांच्या स्वाधीन केली. त्यानंतर आलेल्या लेबलांपैकी काही बुडाली, काही मोठ्या कंपन्यांनी गिळली, थोडी टिकली. रफ ट्रेडचे लेबलही २००० साली पुन्हा उभे राहिले. परंतु गाणाऱ्याला आपल्या गाण्याचा हिशेब कळला पाहिजे, आणि जो हिशेब दाखवत नाही त्याच्याकडे तो मागितला पाहिजे, ही शिकवण त्या गोल कागदाबरोबर जी एकदा बाहेर पडली, ती परत घेणे कोणालाही शक्य झालेले नाही.